चालू युद्धांची नाटके

इगतपुरीचा ज्यांस परिचय आहे त्यांस येथील फलाटावरचा एक देखावा ठाऊक असेल. कसाऱ्याहून थळघाट चढून आलेली गाडी येथे विसावते, घाटात तिला रेटण्यासाठी मागे जोडलेली इंजिने सुटतात, आणि तेवढ्या अवकाशात उतारू चहा-वड्याच्या शोधार्थ खाली उतरतात. अशाच वेळी केव्हा केव्हा पलीकडच्या रुळावर लष्कराची खास गाडी उभी असते. उघड्या वाघिणींवर ताडपत्रीखाली तोफांचे आकार ओळखू येतात. डब्याच्या दारात बसून एखादा जवान हातातल्या आरशात पाहत दाढी करीत असतो. गाडी देवळालीच्या तोफखाना विद्यालयाकडे जावयाची की त्याही पुढे उत्तरेस, हे विचारण्याची चाल नाही. ती हलते, फलाटावरची मुले हात हलवितात, आणि आपण घरी येऊन सायंकाळी दूरचित्रवाणी लावतो, तो तेथे तसाच जवान आणि तशीच तोफ एका कल्पित कथेत आपली वाट पाहत असतात.

ज्या युद्धाचा निकाल अद्याप लागावयाचा आहे, ज्यात आपल्याच आळीतला मुलगा आज पहाऱ्यावर उभा आहे, त्या युद्धावर कल्पित नाटक रचावे काय, आणि रचावयाचे तर कोणत्या जबाबदारीने, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्यापुढे येऊन ठेपला आहे. अशा मालिकांची परीक्षणे आम्ही वाचतो. त्यांत अभिनयाची, छायाचित्रणाची व मारामारीच्या प्रसंगांची चर्चा विपुल असते. परंतु या मूळ प्रश्नास सहसा कोणी हात घालीत नाही. तो घालण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत.

प्रश्न नवा आहे अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांस आठवेल की, जगातले पहिले नाटक म्हणून तेथे जे वर्णिले आहे ते चालू युद्धावरचेच होते. इंद्रध्वजाच्या उत्सवात भरतपुत्रांनी प्रयोग केला तो दैत्यांच्या पराभवाचा. देवदैत्यांचे वैर काही त्या दिवशी संपलेले नव्हते. आणि विशेष हे की, दैत्य प्रेक्षकांत बसलेले होते. ते खवळले, त्यांनी मायेने नटांची वाणी व स्मृती बांधून टाकली, आणि प्रयोग मोडला. इंद्राने ध्वजाच्या काठीने त्यांना झोडपले. पण ब्रह्मदेवास तेवढ्याने समाधान वाटले नाही. त्याने विरूपाक्षास बोलावून कारण विचारले. विरूपाक्षाचे गाऱ्हाणे सरळ होते : आपण देवांचे जसे जनक तसे आमचेही, मग देवांच्या इच्छेवरून आमची ही अवहेलना का? ब्रह्मदेवाने त्याला उत्तर दिले की, हे नाट्य एकट्या देवांचे नाही की एकट्या दैत्यांचे नाही. त्यात तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे. चालू युद्धाच्या नाटकाविषयी इतका मूलगामी विचार आम्हांस दुसरीकडे आढळला नाही. शत्रू प्रेक्षकांत बसलेला आहे असे धरून नाटक लिहावे, हा त्यातला बोध आहे.

ग्रीकांनीही हा अनुभव घेतला होता. मिलेटस नगर इराण्यांनी जिंकल्यावर थोड्याच काळात फ्रिनिकस या कवीने त्यावर नाटक केले. प्रेक्षागृहातले अथीनियन ढसढसा रडले, आणि आमचीच दुःखे आम्हांस पुन्हा दाखविलीस म्हणून त्यांनी कवीस एक हजार द्राक्मांचा दंड केला. पुढे इ. स. पू. ४७२ मध्ये एस्किलसने 'पर्शियन्स' हे नाटक आणले. सालामिसची लढाई होऊन आठ वर्षे लोटली होती, तरी इराणशी तह झालेला नव्हता. स्वतः मॅरॅथॉनच्या रणात लढलेल्या या कवीने आपले पात्रस्थळ निवडले ते शत्रूची राजधानी, आणि मध्यभागी उभी केली ती शत्रूची राजमाता. विजयी अथेन्सने शत्रूच्या घरचा आकांत ऐकत बसावे, ही मागणी लहान नव्हे. परंतु अथेन्सने ती मानली आणि त्या नाट्यसंचास पहिले पारितोषिक दिले.

आता यातील अडचण कोठे आहे ते पाहू. आपल्या शास्त्रकारांनी नाटकाचे पाच संधी सांगितले : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. चालू युद्ध हे नेहमी विमर्शापाशी अडलेले असते. फल मिळेल की न मिळेल हा संशय त्यात जिवंत आहे, आणि निर्वहण कोणाच्याच हाती आलेले नाही. कथाकाराला मात्र शेवट पाहिजे असतो. मालिकाकाराला तर प्रत्येक भागाचा, प्रत्येक सत्राचा शेवट पाहिजे. तेव्हा जे इतिहासाने अद्याप दिले नाही ते तो आपल्या पदरचे घालतो. हे पदरचे निर्वहण हाच अशा नाटकांचा मूळ रोग होय, असे आमचे मत आहे.

पाश्चात्त्य दूरचित्रवाणीने ही अडचण बराच काळ काळाचे वा स्थळाचे अंतर मधे घालून टाळली. आमच्या इगतपुरीपासून रेल्वेने सुमारे ४५ किलोमीटरांवरील देवळालीचाच दाखला घ्या. 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही बी.बी.सी.ची विनोदी मालिका १९७४ ते १९८१ या काळात चालली. तिच्या प्रारंभीच्या भागांचे कथास्थळ देवळालीची छावणी, आणि काळ १९४५ सालचा, म्हणजे ब्रह्मदेशात लढाई चालू असतानाचा. छावणीतल्या सैनिकांची एक नाटकमंडळी हा तिचा विषय. चित्रीकरण इंग्लंडात झाले, आणि हिंदी बेअररचे प्रमुख काम तोंडास रंग लावून एका इंग्रज नटाने केले. देवळालीत राहून देवळाली न पाहणाऱ्या त्या मालिकेस इंग्रज प्रेक्षक निर्धास्तपणे हसू शकला, याचे कारण युद्ध संपून तीस वर्षे होत आली होती. अमेरिकेत १९७२ साली सुरू झालेल्या 'मॅश'ने याहून चतुर मार्ग काढला. तिची कथा १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धातील शस्त्रक्रिया-तळावरची. पण प्रेक्षकांच्या मनात व्हिएतनाम होते, आणि हे कर्ते व प्रेक्षक दोघेही जाणून होते. तीन वर्षांच्या युद्धावरची मालिका अकरा वर्षे चालली, ती या दुहेरी अर्थाच्या बळावर. आमच्याकडेही खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवधा'त हेच केले. महाभारतातल्या कीचकाच्या अंगी प्रेक्षकांनी कर्झनसाहेबास ओळखले, आणि सरकारनेही ओळखले; म्हणूनच १९१० साली नाटकावर बंदी आली.

हे अंतराचे कवच टाकून देणारी पहिली मोठी अमेरिकन मालिका म्हणजे २००५ सालची 'ओव्हर देअर'. इराकमध्ये अमेरिकेचे सैनिक रोज मरत असताना ती इराकमधील सैनिकांची कल्पित कथा सांगत होती. पहिल्याच भागात एका तरुण सैनिकाचा पाय सुरुंगाने तुटतो, आणि नंतर त्याचे रुग्णालयातले व घरचे दिवस कथेत येत राहतात. मालिका तेरा भागांनंतर बंद पडली. तिचा गुण आम्हांस असा दिसतो की, तिने निकाल सांगितला नाही. आणि दोष असा की, हे सैनिक येथे का आले आहेत, या प्रश्नाला ती दूरच ठेवते. ज्यांच्या देशात ते लढतात त्यांची घरे तिला दिसत नाहीत. विरूपाक्षास तेथे बसावयास जागा नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत या विषयाला सर्वांत जवळ गेलेली मालिका म्हणजे झी मराठीवरची 'लागिरं झालं जी'. १ मे २०१७ रोजी सुरू होऊन जून २०१९ मध्ये ती संपली. सातारा जिल्ह्याची पार्श्वभूमी, तिथलीच बोली, सैन्यात जाण्याचा ध्यास घेतलेला अजिंक्य, त्याची शीतल, आणि घरातली जीजी, ही माणसे महाराष्ट्राने आपली मानली. साताऱ्याची निवड उगाच नव्हती. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे, तेथे शिपाईगिरी हा पिढ्यांचा व्यवसाय आहे. या मालिकेने रणांगणावर फारसा मुक्काम न करता सैनिकाचे घर हेच आपले रंगस्थळ केले. भरताने युद्ध, मरण, राज्यभ्रंश, नगराचा वेढा या गोष्टी प्रत्यक्ष अंकात न दाखविता प्रवेशकातून सूचित कराव्यात असे सांगितले आहे. ते लेखकाच्या मनात असो वा नसो, मालिकेचे उत्तम भाग या नियमाने चालले. सुट्टी संपण्याची तारीख, दूरध्वनीची वाट, शेजारणीचे सहज बोललेले वाक्य, यांतून युद्ध घरात येते. हे खरे आहे, आणि नागर मध्यमवर्गास ते ठाऊक करून दिल्याबद्दल मालिकेचे ऋण मानले पाहिजे.

परंतु तिची मर्यादाही येथेच प्रकट झाली. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत दोघे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. त्याच महिन्याच्या २६ तारखेस बालाकोट, आणि २७ तारखेस हवाई चकमक. मालिका चालूच होती. आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचा नातू तेव्हा उत्तरेकडे कोठेतरी तैनातीवर होता. दोन वर्षे या मालिकेचा एकही भाग न चुकविणाऱ्या आजींनी त्या आठवड्यात दूरचित्रवाणी बंद ठेवली. आम्ही कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तो अज्या उद्या पुन्हा दिसणार हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बघवत नाही."

आम्ही अनेक समीक्षाग्रंथ वाचले आहेत; तथापि आमच्या प्रश्नाचे मर्म इतक्या थोड्या शब्दांत आम्हांस कोणी सांगितले नव्हते. मालिकेचा नायक परत येतो, कारण त्याच्यावाचून उद्याचा भाग नाही. हे आश्वासन इतर प्रेक्षकांस सुखद वाटते. ज्यांचे माणूस खरोखरच तेथे आहे त्यांस ते टोचते.

त्याच २७ फेब्रुवारीस बडगाम येथे हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर पडून सहा हवाई सैनिक व जमिनीवरचा एक नागरिक असे सात जण मृत्यू पावले. त्या सहांत नाशिकचा एक तरुण वैमानिक होता. सारे शहर त्याच्या अंत्ययात्रेस लोटले. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलाच्या प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केले की, ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, आणि ही आपली मोठी चूक होती. सत्यास बाहेर येण्यास सात महिने लागले, आणि ते सांगण्याचे धैर्य हवाई दलाने दाखविले. आता वाचकांनीच विचार करावा : मार्च महिन्यात कोणी त्या घटनेवर नाटक रचले असते तर त्यात काय आले असते? शत्रूचे विमान, शत्रूचा मारा आणि सूडाची प्रतिज्ञा. लेखकाच्या मनात कपट नसतेही. पण जे ठाऊक नव्हते त्याची जागा त्याने जे सोयीचे होते त्याने भरून काढली असती. चालू युद्धातली सर्वांत खरी गोष्ट बहुधा त्या वेळी कोणालाच माहीत नसते, हे नाशिककरांइतके दुसरे कोण जाणील?

हिंदीतील मालिकांनी मराठी मालिकेहून अधिक धाडस केले, हे मान्य केले पाहिजे. 'द फॅमिली मॅन' (२०१९) हिचा नायक मध्यमवर्गीय गृहस्थ आहे. दहशतवाद्यांचा पाठलाग करता करता त्याला मुलांची शाळा आणि पत्नीचा रुसवा यांचीही चिंता आहे. तिचा विनोद आम्हांस आवडला, आणि काश्मीरमधील तिच्या प्रसंगांत संशयाला जागा ठेवली आहे, हेही आवडले. मात्र २०२१ साली तिचे दुसरे सत्र श्रीलंकेतल्या तमिळ लढ्याकडे वळले, तेव्हा केवळ पूर्वदर्शन पाहूनच तामिळनाडू सरकारने ते थांबविण्याची मागणी केंद्राकडे केली. ते युद्ध २००९ साली संपले असे आपण म्हणतो. ज्यांचे आप्त त्यात गेले त्यांच्या लेखी ते संपलेले नव्हते. बंदीची मागणी आम्हांस मान्य नाही. तथापि ती विरूपाक्षाचीच तक्रार होती, आणि तिला इंद्राची काठी हे उत्तर पुरेसे नाही. त्या सत्रातील राजी या तमिळ लढवय्या स्त्रीस लेखकांनी मागचे दुःख व पुढचा निर्धार दिला आहे. ब्रह्मदेवाच्या उत्तराचा काही अंश त्यात उतरला आहे, असे आम्ही म्हणू.

'तणाव' (२०२२) या मालिकेविषयी मात्र आम्हांस तसे म्हणता येत नाही. 'फौदा' ही इस्रायली मालिका २०१५ साली निघाली. तिचे दोन्ही कर्ते वेषांतर करून पॅलेस्टिनी वस्तीत शिरणाऱ्या पथकात नोकरी केलेले होते. मालिका हिब्रू व अरबी अशा दोन भाषांत बोलते, आणि एकांगीपणाचा आक्षेप तिच्यावर असला तरी तिच्यात अनुभवाचा कस आहे. तोच आराखडा उचलून 'तणाव'ने काश्मीरवर बसविला. एका युद्धाच्या अंगावर बेतलेला अंगरखा दुसऱ्यास चढविला की खांदे उसवणारच. काश्मीरचा इतिहास निराळा, तेथील माणसांचे आपल्याशी नाते निराळे. ते नाते गाळले की उरते ती केवळ पाठलागाची कथा. 'फौदा'चे पुढे काय झाले हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या निर्मितीत काम केलेला एक मनुष्य गाझामध्ये लढताना मारला गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिचा एक नट तेथेच गंभीर जखमी झाला. चालू युद्धाच्या नाटकात नट आणि शिपाई यांमधली भिंत किती पातळ असते हे यावरून दिसावे.

युद्ध म्हटले की आपली दृष्टी उत्तर सीमेकडे जाते. पण महाराष्ट्राच्या पूर्व टोकास गडचिरोलीत चाळीस वर्षांहून अधिक काळ रक्त सांडले. २००९ साली लाहेरीजवळ १७ पोलीस पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेड्याच्या सुरुंगात १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक गेला. १३ नोव्हेंबर २०२१ च्या चकमकीत २६ नक्षलवादी मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ नेत्याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. या भूमीवर 'नक्षलबारी' (२०२०) ही हिंदी मालिका निघाली. तिच्यात शूर अधिकारी आहे, कट आहे, वेग आहे. आमचा आक्षेप एवढाच की, अशा कथांत अधिकारी आणि बंडखोर या दोघांना वाणी मिळते, आणि या दोघांच्या मधे सापडलेले गाव मुके राहते. वास्तविक नाट्य तेथेच आहे. पोलिसांचे सी-६० पथक स्थानिक तरुणांतूनच उभारलेले, आणि जंगलात गेलेले तरुणही त्याच गावांचे. एका अंगणातली दोन मुले दोन बाजूंस उभी, आणि रात्री दार कोण ठोठावतो याची आईला धास्ती, असा प्रसंग लिहावयास मराठी लेखक का धजू नये? गडचिरोली आपल्याच राज्यात आहे. परंतु इगतपुरीच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या दिवाणखान्यातून ती काश्मीरहून दूर दिसते.

एक विपरीत गोष्ट आम्ही मे २०२५ मध्ये पाहिली. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले, आणि ते चालू असतानाच चित्रपट-मालिकांसाठी ते नाव नोंदविण्यास निर्मात्यांची रीघ लागली. एकाने तर भित्तिपत्रकही प्रसिद्ध केले आणि लोक रागावताच दिलगिरी व्यक्त केली. परंतु त्यांना दोष देताना आपण हे विसरतो की, त्याच दिवसांत काही वृत्तवाहिन्या कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याची वार्ता घरोघर पोहोचवीत होत्या, आणि ती खोटी होती. हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमात वाजवू नये, लोकांच्या कानांस त्याची सवय होऊन खऱ्या भोंग्याकडे दुर्लक्ष होईल, असे सरकारला वाहिन्यांस बजवावे लागले. कल्पित नाटकाने निदान आपण कल्पित आहोत हे आरंभी सांगितलेले असते. वार्तेनेच नाटकाचा वेष घेतल्यावर नाटकाची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते; कारण सावकाश, माणसांच्या तोंडाकडे पाहत सांगण्याचे काम आता त्याच्यावरच येऊन पडते.

मग युद्ध संपेपर्यंत लेखकाने लेखणी खाली ठेवावी काय? आम्ही तसे म्हणत नाही. ॲरिस्टोफेनीसने अथेन्स आणि स्पार्टा लढत असतानाच शांततेच्या बाजूची प्रहसने लिहिली. आणि आपल्याच भाषेत विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. नाव 'रणांगण', पण तिच्यात एकही लढाई नाही. युरोपातून निघालेली एक आगबोट आहे, तिच्यावर देश हरवलेली ज्यू माणसे आहेत, आणि एक हिंदी तरुण आहे. युद्धाचा निकाल लेखकास ठाऊक नव्हता, म्हणून त्याने तो सांगितला नाही. माणसांचे काय झाले ते त्याला दिसत होते, तेवढे त्याने सांगितले. आठ दशकांनंतरही ती कादंबरी शिळी वाटत नाही, याचे कारण नंतरच्या इतिहासास तिच्यात खोटे पाडण्याजोगे काही सापडले नाही.

आमच्या मालिकाकारांस हा घरचाच धडा आहे. चालू युद्धाविषयी लिहिणाराने विजयाची बतावणी करू नये; शंका आहे तेथे शंका ठेवावी; शत्रूच्या पात्रास घर, आई आणि कारण द्यावे, मग त्याचे कृत्य कितीही निंद्य असो; आणि आपला पहिला प्रेक्षक म्हणून जिचे माणूस आज पहाऱ्यावर आहे अशा एखाद्या बाईस समोर बसवावे. तिच्यापुढे जो प्रसंग वाचून दाखविण्यास लेखकाची जीभ अडेल, तो प्रसंग काढून टाकावा.

शेजारच्या आजींचा नातू नोकरी पुरी करून सुखरूप परतला, आणि आता नाशकास काम करतो. आजी पुन्हा मालिका पाहू लागल्या आहेत. मात्र पडद्यावर गोळीबार सुरू झाला की त्या उठून स्वयंपाकघरात जातात, आणि आवाज थांबल्यावर विचारतात, "संपलं का?" घरातली मुले संपले म्हणून सांगतात, मग त्या परत येऊन बसतात.